४८० + २५% : ६००, ६४० की ४८०.२५? काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरची परीक्षा

कॅल्क्युलेटर घेताना गिऱ्हाईक काय बघतं? आकडे ठळक दिसतात का, बटणं दाबायला हलकी आहेत का, सोलर आहे का, आणि मग दोन-चार रुपये कमी होतात का. % चं बटण मात्र कुणी दाबून बघत नाही. दुकानात, दवाखान्यात, सोसायटीच्या हिशोबाला बेरीज-गुणाकारानंतर सगळ्यात जास्त राबतं ते हेच बटण. आणि यंत्रायंत्रांत खरा फरक असतो तोही याच बटणात.

साधं उदाहरण घ्या. एका साडीची पडतळ, म्हणजे भाडं-हमाली धरून दुकानात पडलेली किंमत, ४८० रुपये. त्यावर शेकडा २५ चढवायचे. हात आपोआप ४८०, +, २५, % असा चालतो. सिटिझन कंपनीच्या धाटणीचं यंत्र ६०० दाखवतं. मार्क-अप पद्धतीचं कॅसिओ ६४० दाखवतं. आणि एक्सेलमध्ये =480+25% लिहिलंत तर ४८०.२५ येतं. तिन्ही यंत्रं धडधाकट आहेत, प्रत्येकाने आपापल्या नियमाने बरोबरच उत्तर दिलंय. फक्त ‘२५ टक्के कशाचे?’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाने वेगळं धरलंय.

सिटिझनने २५ टक्के ४८० चे धरले, म्हणजे १२०. कॅसिओने ते विक्रीच्या किमतीचे धरले, हीच मार्क-अप पद्धत. ६४० ला विकलं तर नफा १६०, आणि १६० हे ६४० चे बरोबर २५ टक्के. एक्सेलने कशाचेच धरले नाहीत. त्याच्या लेखी २५% म्हणजे नुसतं ०.२५, ते ४८० मध्ये मिळवून तो मोकळा झाला. शाळा-कॉलेजातली पोरं वापरतात ती कॅसिओची ईएस मालिकेतली सायंटिफिक यंत्रंही एक्सेलसारखीच वागतात. आयफोनवर आणि विंडोजच्या साध्या कॅल्क्युलेटरवर ६०० येतं.

कॅसिओची ही पद्धत चुकीची नाही. घाऊक व्यापारात ‘आम्ही पंचवीस टक्क्यांवर काम करतो’ असं कुणी म्हणालं तर ते खरेदीवर की विक्रीवर, हे विचारल्याशिवाय भाव ठरत नाही. खरेदीवर २५ चढवून साडी ६०० ला विकली की विक्रीवर नफा पडतो २० टक्केच, कारण १२० ÷ ६००. दुकानाचं भाडं, पगार, वीज यांचा हिशोब विक्रीच्या टक्क्यांत मांडणाऱ्याला हा पाच टक्क्यांचा फरक वर्षाअखेरीला बरोबर टोचतो. त्याच्यासाठी ४८० + २५ % ला थेट ६४० देणारं यंत्र सोन्यासारखं.

पण हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात तेच यंत्र धोक्याचं, आणि धोका बेरजेत आहे, वजाबाकीत नाही. याच कॅसिओवर कुणी सूट काढायला ४८० − २५ % दाबलं तर उत्तर येतं १८२०. ते बघून काउंटरवरचा पोऱ्याही थांबतो. ६४० बघून कोणीच थांबत नाही, कारण तो आकडा खरा वाटतो. शेकडा ५ चढवायला १०० + ५ % केलं की १०५.२६३१५७८९४ येतं. पुढचे दशांश बघून शंका यायला हवी, पण यंत्र दोन दशांशांवर लावलेलं असलं तर नुसतं १०५.२६ दिसतं आणि तेच बिलावर उतरतं.

मग १८२० आले कुठून? कॅसिओच्या या पद्धतीत वजाबाकीनंतरचं % हे वाढ-घट मोजण्यासाठी ठेवलंय. (४८० − २५) ÷ २५, गुणिले १००. हे कळलं की त्याचा उपयोगही कळतो. गेल्या महिन्याचं वीजबिल ८० होतं असं समजा, या महिन्याचं १०० (आकडे सोयीचे घेतलेत, असं बिल आता कुणाला येत नाही). दाबायचं १०० − ८० %, उत्तर २५. म्हणजे वाढ २५ टक्के. नवा आकडा आधी, जुना नंतर. उलट दाबलं की उणे २० येतं, आणि तेही खरंच आहे. ८० चे १०० व्हायला २५ टक्के वाढ लागते, १०० चे परत ८० व्हायला २० टक्के घट पुरते. शेअरमध्ये २० टक्के पडझड झालेल्याला मूळ रकमेवर यायला २५ टक्के चढ का लागतो, ते याच दोन दाबांत दिसतं.

या कॅसिओवर साधी वाढ आणि साधी सूट काढायची रीत गुणाकारातून जाते. २५०० × १५ % + दाबलं की २८७५. ३५०० × २५ % − दाबलं की २६२५. चिन्ह शेवटी, आणि त्यानंतर = नाही. इथे आणखी एक खड्डा आहे. ४८० × २५ % करून १२० आले, आता यात पुढच्या वस्तूचे ५० मिळवू म्हणून + दाबलं की पडद्यावर ६०० उभे राहतात, कारण यंत्राला वाटतं तुम्हाला १२० मूळ रकमेतच मिळवायचेत. टक्क्याची रक्कम सुटी हवी असेल तर ती कागदावर टिपा, एसी (सगळं पुसणारं बटण) दाबा आणि नवी बेरीज सुरू करा. रोज दहा जण हात लावतात त्या काउंटरवर एवढी शिस्त कोण पाळणार, हा प्रश्न आहेच.

सिटिझन धाटणीच्या यंत्रांवर + % आणि − % सरळ चालतात. ५०० + ५ % म्हणजे ५२५, ५०० − २० % म्हणजे ४००. विक्रीवरच्या नफ्यासाठी तिथे एमयू (म्हणजे मार्क-अप) लिहिलेलं वेगळं बटण असतं. ४८० ÷ २५ एमयू दाबलं की ६४०. वाढ मोजायची तर १८००० − १५००० एमयू, उत्तर २०. दोन कामांना दोन बटणं, त्यामुळे गफलत कमी. पण एमयूचं बटण वर्षानुवर्षं कोरं राहतं. बहुतेकांना ते मेमरीचंच काहीतरी वाटतं.

दुकानात यंत्र हातात आलं की पहिला प्रयोग एकच करा: १०० + ५ %. १०५ आलं तर यंत्र सरळ पद्धतीचं. १०५.२६ आलं तर मार्क-अपचं. खोक्यावरचं नाव बघून यावर विसंबू नका, कॅसिओच्याही काही यंत्रांवर सरळ पद्धत असते.

आणि ज्याला घरी एक, दुकानात दुसरं, फोनवर तिसरं यंत्र वापरावं लागतं त्याने + आणि − बरोबर % वापरणं सोडूनच द्यावं. यंत्रांची भांडणं तेवढ्यातच आहेत. गुणाकार-भागाकारात सगळी एकमताची. २५ टक्के वाढ म्हणजे ४८० × १२५ %, उत्तर ६००. २५ टक्के सूट म्हणजे ४८० × ७५ %, उत्तर ३६०. वाढ किती झाली ते बघायला ६०० ÷ ४८० %, उत्तर १२५, म्हणजे शंभराच्या वरचे २५. विक्रीवर २५ टक्के नफा हवा तर ४८० ÷ ७५ %, उत्तर ६४०. सिटिझन, कॅसिओ, सायंटिफिक, आयफोन, एक्सेल, सगळीकडे हेच आकडे येतात. फोनवर आणि सायंटिफिकवर शेवटी = दाबावं लागतं, एवढाच फरक.

जीएसटीच्या बाबतीत ही सवय थेट पैसे वाचवते. ११८० रुपयांच्या बिलात १८ टक्के कर आत धरलेला आहे, मूळ किंमत किती? नेहमीची चूक म्हणजे ११८० मधून १८ टक्के वजा करणं. त्याचे येतात ९६७.६०. खरं उत्तर १०००, कारण १८ टक्के लागले होते ते हजारावर, ११८० वर नव्हे. दाबायचं ११८० ÷ ११८ %. हजारामागे ३२ रुपये ४० पैशांचा हा फरक महिन्याच्या खरेदीवर पसरला की हिशोबनीस डोकं धरून बसतो.

हे काम एका दाबात करणारी, जीएसटीची वेगळी बटणं असलेली यंत्रं १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाल्यावर बाजारात आली. त्यांचं खरं मोल कर मिळवण्यात नाही, ते कुणीही करतं. मोल आहे कर बाहेर काढणाऱ्या उणे बटणात. ते बटण वजाबाकी करत नाही, बरोबर भागतं: ११८ टाकून दाबलं की १००. पण एक गोष्ट बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची फेरमांडणी झाली, १२ आणि २८ चे टप्पे जवळजवळ मोडीत निघाले, मुख्य दर ५ आणि १८ उरले, वर चैनीच्या आणि तब्येतीला घातक मालाला ४०. त्याआधीच्या साठ्यातल्या यंत्रात १२ आणि २८ च भरलेले असू शकतात. कॅसिओच्या बऱ्याच करवाल्या यंत्रांवर दर बदलायची रीत सोपी आहे. एसी दाबायचं, ज्याच्या डोक्यावर ‘रेट सेट’ लिहिलंय ते % चं बटण पडद्यावर ‘सेट’ येईपर्यंत दाबून धरायचं, नवा दर टाकायचा, पुन्हा तेच बटण. मग १०० टाकून कर मिळवून बघायचा. ही शेवटची पायरी गाळू नका. दर बदलला असं वाटतं आणि बदललेला नसतो.

तेव्हा आणखी एक गैरसमज हातोहात पसरला होता: २८ चे १८ झाले म्हणजे थंड हवेचा एसी १० टक्क्यांनी स्वस्त. १०० रुपयांची वस्तू आधी १२८ ला मिळत होती, आता ११८ ला. ११८ ÷ १२८ % दाबा, ९२.१८७५ येतं. म्हणजे स्वस्ताई ७.८१ टक्के. तूप-लोणी १२ वरून ५ वर आलं, तिथे ११२ चे १०५, घट ६.२५ टक्के. शाम्पू-टूथपेस्ट १८ वरून ५ वर, ११८ चे १०५, घट ११.०२ टक्के, १३ नव्हे. छापील किंमत याहून कमी उतरली असेल तर दुकानदाराला विचारायला हरकत नाही, पण १३ टक्के मागू नका, तो बरोबर असेल.

सराफाकडे कॅल्क्युलेटर सगळ्यात जास्त चालतो आणि गिऱ्हाईक सगळ्यात कमी बघतं, म्हणून हा हिशोब सावकाश करू. सोन्याची किंमत ६०,००० धरा, घडणावळ १२ टक्के, वर जीएसटी ३ टक्के. ६०००० × ११२ % म्हणजे ६७,२००. त्याला × १०३ %, म्हणजे ६९,२१६. दोन्ही टक्के मिळून १५ होत नाहीत, १५.३६ होतात, कारण ३ टक्के घडणावळीवरही बसतात. आता बाहेर पाटी आहे: ‘घडणावळीवर २५% सूट’. डोळ्यांना दिसतो तो २५ चा आकडा. पण सूट आहे १२ टक्क्यांवर, म्हणजे सोन्याच्या किमतीच्या ३ टक्के. घडणावळ ७,२०० ची ५,४०० झाली, बेरीज ६५,४००, × १०३ % म्हणजे ६७,३६२. वाचले १,८५४. एकूण बिलाच्या मानाने २.६८ टक्के. शेजारच्या पेढीची घडणावळ सूट न देताच ९ टक्के असेल तर बिल अगदी हेच होतं, पैचा फरक नाही. म्हणून सूट किती हे न विचारता सूट जाऊन घडणावळ किती टक्के उरली, हे विचारावं.

सेलमधलं ‘५०% + २०%’ हेही त्याच जातीचं. २४९९ च्या कुर्त्याला × ५० %, आलेल्या १२४९.५० ला × ८० %, हाती ९९९.६०. सूट ६० टक्के झाली, ७० नाही. क्रम उलटा केला तरी उत्तर तेच. ‘दोन घ्या, एक फुकट’ ही ३३.३३ टक्के सूट, तीही तीनही वस्तू खरोखर लागणार असतील तर. ‘२०% जास्त’ लिहिलेल्या पाकिटात सूट १६.६७ टक्केच.

महागाई भत्त्याच्या बातमीत मात्र चूक यंत्राची नसते, शब्दांची असते. केंद्राचा भत्ता जुलै २०२५ पासून ५५ चा ५८ टक्के झाला, ‘पगारात ३ टक्के वाढ’ असं घरोघरी म्हटलं गेलं. मूळ पगार १८,००० धरला तर ५५ टक्क्यांनी ९,९०० आणि ५८ टक्क्यांनी १०,४४०, फरक ५४० रुपये. हे ५४० मूळ पगाराचे ३ टक्के खरे, पण मूळ अधिक भत्ता धरला तर २७,९०० चे २८,४४० झाले. २८४४० ÷ २७९०० % दाबा, १०१.९४ येतं. हातात पडणारी वाढ दोन टक्क्यांनाही थोडी कमीच.

दरवर्षी १० टक्क्यांनी वाढणाऱ्या घरभाड्यासाठी कॅसिओवर एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. १.१ × × असं दोनदा गुणाकाराचं चिन्ह दाबलं की पडद्यावर बारीक ‘के’ येतो, म्हणजे १.१ पक्का बसला. मग १५००० = म्हणजे १६,५००. नुसतं = दाबत गेलं की १८,१५० आणि मग १९,९६५. तीन वाढींत ३० नव्हे, ३३.१ टक्के चढले. अकरा महिन्यांच्या करारावर सही करण्यापूर्वी तीन वेळा = दाबायला पाच सेकंद लागतात. ‘के’ उडवायला एसी.

आता पडद्याच्या वरच्या दोन सरकत्या खटक्यांकडे. ‘बिघडलंय’ म्हणून परत येणाऱ्या यंत्रांत यांचा हात मोठा. एक खटका दशांश ठरवतो, दुसरा आकडा कसा कापायचा ते. दशांशाच्या खटक्यावर टोकाला ‘ए’ किंवा ‘ॲड२’ लिहिलेलं असतं. फडकं मारताना खटका तिथे सरकला की बेरजेत ४८० टाकलेले ४.८० म्हणून धरले जातात. पैशांसह भराभर आकडे टाकणाऱ्यांसाठी ती सोय आहे, बाकीच्यांसाठी डोकेदुखी. दुसऱ्या खटक्यावर वरचा बाण असेल तर यंत्र प्रत्येक पैसा वर ढकलतं: शून्य दशांशावर ९९९.१० चेही १००० होतात. रोजच्या बिलाला दोन दशांश आणि ५/४ ठेवा (पाच किंवा जास्त असेल तर वर, चार किंवा कमी असेल तर खाली). टक्क्यांचा लांब हिशोब असेल तर ‘एफ’ वर (जिथे दशांश कापले जात नाहीत) ठेवा आणि पूर्णांक शेवटी करा, मधल्या पायरीला नको.

बांधणीबद्दल थोडंच. बारा आकड्यांचं यंत्र घ्या. सीए परीक्षेतही बारा आकड्यांपर्यंतचं साधं यंत्र चालतं, म्हणून या वर्गात निवड भरपूर मिळते. मागच्या नोंदी तपासायची ‘चेक’ची सोय असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही. शंभराहून जास्त पायऱ्या मागे जाऊन चुकलेला आकडा तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो. लांबलचक बिलाला दुसऱ्यांदा बेरीज मारण्यापेक्षा हे बरं. खरेदी करताना बारा वेळा ८ दाबा आणि पडदा तिरका करून प्रत्येक ८ चे सातही तुकडे काळे दिसतात का बघा. मधली आडवी रेघ उडालेला ८ हा ० दिसतो, आणि ती चूक बिलावर गेल्याशिवाय कळत नाही. सोलर पट्टीवर बोट ठेवून आकडा पुसट होतो का तेही बघा. झाला तर आतली सेल संपत आलीय किंवा घातलेलीच नाही. नकली माल या धंद्यात उदंड आहे. नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं आणि खोकं हुबेहूब. बेरीज त्याचीही बरोबर येते, पण बटणांवरची छपाई लवकर उडते, आणि सगळ्यात आधी पुसली जातात ती ०, ५ आणि % ची बटणं.

निवड अशी करावी. किराणा, कापड, औषधं, जिथे काउंटरवर माणसं बदलतात, तिथे १०० + ५ % ला १०५ देणारं सरळ यंत्र. भाव लावणाऱ्या मालकाच्या टेबलावर मार्क-अपचं कॅसिओ, आणि त्यावर बारीक चिठ्ठी: ‘इथे + % म्हणजे विक्रीवर’. करासकट किमतींतून रोज मूळ भाव काढावा लागतो त्याला जीएसटीच्या बटणांचं, दर स्वतः भरून घेतलेलं. घरच्या वापराला फोन पुरतो, × १२५ % ची सवय असली की झालं. दोन्ही पद्धतींची यंत्रं एकाच टेबलावर मात्र ठेवू नका. दिसायला ती सारखीच असतात, आणि घाईत हाताला कुठलं लागेल याचा भरवसा नसतो.